ग्रीनलंडची २०२१ची निवडणूक

१. मजकुरातली निवडणूक म्हणजे ६ एप्रिल २०२१ रोजी झालेली ग्रीनलंडच्या स्वतःच्या संसदेची, इनात्सिसार्तुतची, निवडणूक. डेन्मार्कच्या संसदेशी तिची गल्लत होऊ नये. तिथे ग्रीनलंडचे दोनच सदस्य असतात. २००९च्या स्वशासन कायद्याने खनिजांवरचा हक्क ग्रीनलंडला मिळाला, संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार मात्र कोपनहेगनकडेच राहिले. म्हणूनच एका खाणीवरून इथे सरकार पडू शकले. दक्षिणेकडच्या नार्साक गावाजवळ क्वानेफ्येल्ड डोंगरात दुर्मिळ मृदा धातू आहेत, पण त्यांच्यासोबत युरेनियमही आहे. खाणीची धूळ वाऱ्याबरोबर गावावर आणि आसपासच्या मेंढ्यांच्या कुरणांवर येईल, ही तिथल्या लोकांची धास्ती होती आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. खाणविरोधी इनुइत अताकातिगीत पक्षाला ३१पैकी १२ जागा मिळाल्या. १९७९पासून, मधली चार वर्षे वगळता, सतत सत्तेचे नेतृत्व करणारा सिउमुत १० जागांवर थांबला. इनुइत अताकातिगीतचे नेते मुते एगेदे पंतप्रधान झाले. त्याच नोव्हेंबरात संसदेने युरेनियमच्या उत्खननावर कायद्याने बंदी घातली. जेमतेम ५६ हजार वस्तीच्या प्रदेशाने या खाणीतल्या परकीय गुंतवणुकीला मतपेटीतून दिलेला हा नकार या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे. —संपा.