वणव्यानंतरचे पॅराडाइज

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी एका डोंगरसोंडेवर पॅराडाइज नावाचे गाव आहे. नावाचा अर्थ नंदनवन. उंच सूचिपर्णी वृक्षांच्या सावलीत वसलेल्या ह्या गावाची वस्ती सुमारे 26 हजार होती. कामातून निवृत्त झालेली, बेताच्या प्राप्तीची पुष्कळ मंडळी तेथे राहावयास आली होती, कारण त्या महागड्या राज्यात घर परवडावे अशी जागा दुर्मिळच.

दि. 8 नोव्हेंबर 2018 रोजी पहाटे डोंगरापलीकडील दरीत विजेच्या उच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्यावरील एक लोखंडी आकडा झिजून तुटला. तो जवळजवळ शंभर वर्षांचा जुना होता. तार खाली आली, ठिणग्या पडल्या. कित्येक महिने म्हणण्यासारखा पाऊस नव्हता आणि वारा सोसाट्याचा होता. दोन तासांच्या आत आग गावात शिरली. खाली उतरण्याचे रस्ते मोजकेच, त्यामुळे गाड्यांची रांग जागीच खिळली. एकूण 85 माणसे दगावली, त्यांत बहुतेक वृद्ध. 18 हजारांवर लहानमोठ्या इमारती भस्मसात झाल्या. वीज कंपनीने, पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिकने, 2020 साली न्यायालयात 84 मृत्यूंबाबत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. एका आकड्याच्या देखभालीची हयगय किती महागात पडावी!

घर जळाले म्हणजे नवे बांधावयाचे, एवढे ते सोपे नव्हते. राखेत ॲस्बेस्टॉस आणि विषारी धातू मिसळले होते. म्हणून आधी प्रत्येक जागेवरील मलबा व वरची माती खरवडून नेणे भाग पडले. ह्या कामात 2019 साल गेले. वजन छत्तीस लाख टनांहून अधिक भरले.

त्याहून नवलाची अडचण पाण्याची. धरण शाबूत, पाणी मुबलक. परंतु नळात बेन्झीन हे कर्करोगकारक द्रव्य सापडले. आगीत नळजोडण्या फुटून नळांतील दाब गेला, तेव्हा धूर व जळक्या प्लास्टिकचा अंश आत ओढला गेला असावा, असे तज्ज्ञांचे मत. पाणी उकळूनही भागेना. गावास दहा हजारांवर नळजोडण्या. त्या एकेक करून तपासावयाच्या, बिघडलेल्या बदलावयाच्या. तोवर ज्यांची घरे वाचली होती त्यांनाही पिण्याचे पाणी बाहेरून आणावे लागले. घर उभे आणि पाणी नाही, ही अवस्था ज्याने उन्हाळ्यात रिकामी विहीर पाहिली आहे त्यास निराळी सांगावयास नको.

गाव मात्र घरांच्या आधीच जमू लागले. जवळच 1859 साली सोन्याचा 54 पौंडांचा गोळा सापडला होता, त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी उत्सव भरतो. 2019 च्या वसंतात चहूकडे जळकी खोडे असताना तो भरलाच. जूनमध्ये मुलांचा पदवीदान समारंभ शाळेच्याच मैदानावर झाला आणि ऑगस्टमध्ये शाळेच्या फुटबॉल संघाने त्याच मैदानावर सामना जिंकला. खेळाडूंपैकी बहुतेकांची घरे गेलेली होती. कित्येकजण दूरच्या गावांतून सरावाला येत.

तथापि सर्वजण परतले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. 2020 च्या जनगणनेत वस्ती पाच हजारांच्या आत भरली. 2023 पर्यंत ती नऊ हजारांच्या आसपास गेली. ज्यांचा विमा अपुरा होता, जे भाड्याने राहत होते, ज्यांचे वय झाले होते, ते बव्हंशी दुसरीकडेच राहिले. कंपनीने आगग्रस्तांसाठी कबूल केलेल्या साडेतेरा अब्ज डॉलरांपैकी निम्मी रक्कम तिच्याच समभागांत होती; त्यामुळे पैसे हाती पडण्यास विलंब लागला. जे बांधू शकले, त्यांनी अग्निरोधक छपरे घातली. घराभोवती पाच फूट जळण्याजोगे काहीही नसावे, असा नियम गावाने केला. आपल्याकडील जाळरेषेचाच हा घरगुती प्रकार. पुढे धोक्याचे भोंगे असलेले मनोरेही उभारण्यात आले.

त्याच वणव्यात दरीतील हनी रन नावाचा 1886 चा लाकडी, छप्पर असलेला पूल जळाला. वाहनांस तो कित्येक दशके बंदच होता. तरीही जुन्याच घाटाचा पूल पुन्हा बांधावयाचा, असे त्याचा सांभाळ करणाऱ्या मंडळाने ठरविले, आणि ज्यांच्या स्वतःच्या घरांची जोती अजून उघडी होती अशा परिसरात त्यासाठी वर्गणी गोळा होऊ लागली.