राजाची पेटी आणि आईची खुर्ची

आईला आता संडासापर्यंत चालवत नाही. कमोडची खुर्ची आणू म्हटलं, तर म्हणाली, "झोपायच्या खोलीत? शी!"

मग मी तिला इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची गोष्ट सांगितली. १५४७ मध्ये वारला तो. शेवटी शेवटी पायाच्या जखमांनी इतका जेरीस आला, की खुर्चीत बसवून उचलून न्यायचे. शौचाला मखमलीनं मढवलेली पेटी, आत भांडं. आणि ती व्यवस्था बघायला चक्क दरबारी सरदार! मोठा मानाचा हुद्दा, बरं का. 'कमोड' हा शब्द मात्र फ्रेंच, अर्थ 'सोयीचं'.

आई हसली. "मखमल नको. खुर्चीला हात भक्कम हवेत, उंची पलंगाएवढी. आणि भांडं सुनेनं नाही, तू धुवायचंस."