बोस्टन ते अहमदनगर : एका वाटेचा इतिहास

परमुलुखातून आलेल्या माणसांची अहमदनगर शहराला ओळख फार जुनी आहे. १४९० मध्ये अहमद निजामशहाने सीनेच्या काठी हे शहर वसविले, आणि त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत इराणातून शाह ताहिर येथे आला, रूमीखानाने १५४९ मध्ये येथेच मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ ओतली, आणि हबसाणातील एक मुलगा बाजारामागून बाजारात विकला जात अखेर याच दरबारी पोहोचून पुढे मलिक अंबर या नावाने निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. मात्र नगरापर्यंतची वाट आपण कशी तुडविली हे त्यांनी स्वतः सांगितलेले फारसे कोठे वाचावयास मिळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातून जे स्त्रीपुरुष नगरास आले त्यांची गोष्ट निराळी आहे. ते रोजनिशी ठेवीत, पत्रे धाडीत, आणि बोस्टनचे त्यांचे मंडळ त्यांतील निवडक मजकूर आपल्या मासिकात छापीत असे. त्यांच्या धर्मकार्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे सांगावयाचे आहे ते त्यांच्या वाटेविषयी, कारण त्या वाटेच्या लांबीनेच त्यांच्या आणि नगरच्या संबंधाला त्याचे विशिष्ट रूप दिले, असे माझे मत आहे.

या मंडळाची स्थापना १८१० ची. त्याची पहिली माणसे १८१२ च्या फेब्रुवारीत हिंदुस्थानाकडे निघाली, तेव्हा सेलम बंदरातून सुटलेल्या 'कॅरव्हॅन' जहाजावर हॅरिएट न्यूवेल ही अठरा वर्षांची नवविवाहिता होती. कलकत्त्यास उतरताच कंपनी सरकारने या मंडळींना मुलूख सोडून जाण्याचा हुकूम फर्माविला. आश्रयाच्या शोधात भटकत हॅरिएट मॉरिशस बेटावर पोहोचली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तेथेच वारली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. परंतु कंपनीच्या नव्या सनदेने मिशनऱ्यांना वाट मोकळी होईपर्यंत त्यांच्याही डोक्यावर हद्दपारीची टांगती तलवार होतीच. पुढे तेरा वर्षे मराठीत बोलून, लिहून, शाळा काढून हॉल १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेतच पटकीने गेला. हे सर्व वर्तमान न्यू इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून वाचले जात होते, आणि तरीही नवी माणसे निघत होती.

या माणसांना आणणारी बोस्टनची जहाजे मुळात व्यापाराची. चांदीचे डॉलर घेऊन निघावे आणि कलकत्त्याहून नीळ, सोरा, कातडी व कापड भरून परतावे, हा त्यांचा क्रम. १८३३ मध्ये तर तिकडच्या तळ्यांतला गोठलेला बर्फही 'टस्कनी' नावाच्या जहाजातून कलकत्त्यास येऊन विकला गेला. अशा जहाजावरील दोन-चार अरुंद खोल्या उतारूंच्या वाट्यास येत. आफ्रिकेला थेट खेटून न जाता वाऱ्याचा कल साधीत अटलांटिक तिरका ओलांडावयाचा, विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात शिडे लोंबकळत असताना दिवसचे दिवस काढावयाचे, मग दक्षिणेच्या थंड, उसळत्या समुद्रात शिरून केप ऑफ गुड होपला वळसा घालावयाचा आणि शेवटी नैर्ऋत्य मोसमी वारा धरून उत्तरेस वर यावयाचे, असा हा चार-पाच महिन्यांचा मार्ग होता. पिपांतले पाणी जुने होई, खारविलेले मांस आणि कडक बिस्किटे हाच मुख्य आहार असे, आणि जमीन महिनोन्‌महिने दृष्टीस पडत नसे. या अवधीत घरी कोण जन्मले, कोण मेले, हे कळण्यास मार्ग नव्हता. मुक्कामी पोहोचून लिहिलेल्या पत्राचे उत्तर हाती येईपर्यंत वर्षाच्या आसपास काळ लोटे.

अहमदनगर हे ठाणे म्हणून निवडले गेले ते १८३१ च्या अखेरीस. मुंबईच्या दमट हवेने मिशनची माणसे एकामागून एक खचत होती. घाटमाथ्यावरील कोरडी हवा, मोठी बाजारपेठ, कलेक्टरची कचेरी आणि भिंगारजवळची छावणी ही नगरची अनुकूलता होती. त्या डिसेंबरात ॲलन ग्रेव्ह्‌ज, विल्यम हार्वी आणि हॉलिस रीड हे तिघे येथे आले. पैकी हार्वी आणि रीड हे त्याच वर्षी अमेरिकेहून मुंबईस उतरलेले, अगदी नवखे होते.

मुंबई ते नगर ही वाट आज एका दिवसात सहज उरकते. तेव्हा तिच्यासाठी स्वतंत्र तयारी लागे. बंदरातून भरतीची वेळ साधून मचव्याने पनवेलची खाडी गाठावयाची, तेथून खोपोलीस नाना फडणविसांनी बांधलेल्या विस्तीर्ण तलावाच्या काठी मुक्काम करावयाचा आणि दुसऱ्या दिवशी भोरघाट चढावयाचा. हा घाट पूर्वी इतका अवघड होता की, चाकाची गाडी वर न्यावयाची तर ती सुटी करून हमालांच्या खांद्यावरून न्यावी लागे. सर जॉन माल्कमने १८३० च्या नोव्हेंबरात गाडीरस्ता खुला केला, आणि नगरचे हे पहिले अमेरिकन प्रवासी त्यानंतर वर्षभरातच आले. माझ्या मते हा योगायोग किरकोळ नव्हे. तो रस्ता झाला नसता तर कुटुंबकबिला, पुस्तकांच्या पेट्या आणि औषधांचा साठा घेऊन देशावर कायमचे घर करण्याचा विचार त्यांना इतक्या लवकर सुचला नसता. पुण्यापुढे सुमारे ७० मैलांची मजल उरे. भीमेकाठी कोरेगावचा जयस्तंभ मागे टाकून घोडनदीवरच्या शिरूरला यावे, तेथे कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याची कबर पाहावी, आणि आसपासचे शेतकरी त्याला सत्पुरुष मानून तेथे नैवेद्य दाखवितात हे ऐकून चकित व्हावे. मग सुपे, कामरगाव, केडगाव करीत नगरच्या वेशीशी पोहोचावे.

वेशीतून आत काय दिसे? निजामशाहीच्या वैभवाचे अवशेष आणि त्यांच्या आश्रयाने नांदणारे, पेशवाई बुडाल्याला जेमतेम चौदा वर्षे झालेले एक मराठी शहर. खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला, पाण्याच्या मधोमध उभा असलेला फराहबाग महाल, दूर टेकडीवर सलाबतखानाची तीन मजली अष्टकोनी कबर, आणि कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून जमिनीखालच्या नळांनी शहरात आणलेले पाणी. या सर्वांविषयी नवख्यांना कुतूहल वाटे. लोकांच्या देवधर्माविषयी मात्र त्यांचे पहिले शब्द कठोर आणि पुष्कळदा अन्यायाचे असत. जे आपण मोडावयास आलो ते मुळात काय आहे हे समजून घेण्याइतका धीर त्या पहिल्या पत्रांत नाही, आणि आज ती वाचताना मनाला वेदना होतात. परंतु पहिल्या वर्षाचा ग्रह आणि वीस वर्षांनंतरचा अनुभव यांत अंतर पडत गेले, कारण त्यांना चटकन परत फिरता येत नव्हते. हार्वीला तेवढी वर्षे मिळालीच नाहीत. त्याची पत्नी मुंबईत उतरल्यावर दोनच महिन्यांत वारली होती. तो स्वतः नगरास आल्यावर पाच महिन्यांनी, १८३२ च्या मे महिन्यात, पटकीने गेला.

या वाटेवरची सर्वांत मोठी व्यक्ती माझ्या दृष्टीने सिंथिया फरार ही होय. न्यू हॅम्पशर संस्थानातील मार्लबरो गावी १७९५ मध्ये जन्मलेली ही बाई मुंबईच्या मुलींच्या शाळांवर देखरेख करण्यासाठी मंडळाने धाडली. पती नाही, आप्त नाही, अशी बत्तिसाव्या वर्षी १८२७ च्या जूनमध्ये बोस्टनहून 'एमराल्ड' जहाजाने ती निघाली, आणि कलकत्त्यामार्गे वर्षाखेरीस मुंबईस पोहोचली. मंडळाने हिंदुस्थानात पाठविलेली ही पहिली अविवाहित स्त्री. दहा वर्षांनी, १८३७ मध्ये, प्रकृती खालावल्याने तिला स्वदेशी परतावे लागले. ती तेथेच राहिली असती तर तिला कोणी बोल लावला नसता. पण समुद्र म्हणजे काय, पटकी म्हणजे काय, आणि आपल्या शाळेतली मुलगी दहाव्या-अकराव्या वर्षी सासरी गेली की शिकविलेले सारे कसे सुटते, हे सर्व पुरते माहीत असताना ती १८३९ मध्ये पुन्हा निघाली आणि नगरास आली. पहिल्या प्रवासात अज्ञानाचा उत्साह असू शकतो. या दुसऱ्या प्रवासात तसले काही नव्हते, आणि म्हणूनच मला तो पहिल्याहून थोर वाटतो. पुढची तेवीस वर्षे तिने येथे मुलींना शिकविण्यात घालविली. १८६२ मध्ये ती नगरातच वारली.

१८४८ च्या सुमारास जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासमवेत नगरास गेले असता फरारबाईंच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या, आणि पुण्यास परतल्यावर मुलींची शाळा काढण्याचा त्यांचा निश्चय दृढ झाला, ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. ती 'ज्ञानोदया'त १८५३ मध्ये छापली गेली. ते पत्रही मूळ नगरचेच, १८४२ मध्ये येथून निघालेले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंच्या संस्थेत घेतले असेही त्यांचे चरित्रकार सांगतात. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात पुण्याचे नाव अग्रभागी येते ते योग्यच आहे. पण पुण्याच्या त्या शाळेआधी नगरच्या त्या शाळा होत्या, हे नगरकरांनी अभिमानाने सांगावे.

पुढे वाट आखडत गेली. १८६३ मध्ये भोरघाटातून आगगाडी चढली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्गाने नगरला रेल्वे आणून दिली. जुन्या आणि नव्या वाटेमधला फरक ह्यूम घराण्यात जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही. मुंबईत पंधरा वर्षे काढून थोरले रॉबर्ट ह्यूम १८५४ मध्ये कुटुंबासह स्वदेशी निघाले. केपच्या आसपास जहाजावरच त्यांचा अंत झाला आणि त्यांचा देह समुद्रातच सोडावा लागला. त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा रॉबर्ट ॲलन तेव्हा सात वर्षांचा होता. तोच मुलगा शिकून-सवरून १८७४ मध्ये हिंदुस्थानात परतला आणि नगरास येऊन राहिला. कालवा तोवर उघडला होता. वडिलांना जे अंतर काटण्यास महिने लागत ते आता आठवड्यांवर आले होते. पण रेल्वे यावयास अजून चार वर्षे अवकाश होता, आणि नगरच्या वेशीशी मनुष्य येई तो सडकेवरची धूळ अंगावर घेऊनच. त्यांनी १८७८ मध्ये येथे धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले, १९०० च्या दुष्काळात उपाशी जिल्ह्यासाठी अमेरिकेतून आलेल्या मदतीची वाटणी केली, आणि त्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. पन्नास वर्षांच्या आसपास ते या शहरात राहिले, आणि त्यांच्या नावाचे चर्च नगरात आजही उभे आहे.