लोखंडाला पोलादाचे तोंड

‘शेवटणे’ हे क्रियापद शहरातल्या मुलांच्या कानांवर आता पडत नाही. नांगराचा फाळ मातीत झिजून बोथट झाला की कुणबी तो लोहाराकडून ‘शेवटून’ आणावयाचा. लोहार झिजल्या टोकाला पोलादाचा तुकडा लावी, दोन्ही भट्टीत रसरशीत तापवून घणाने एकजीव करी आणि मग पाणी देई. अंग मऊ लोखंडाचे, म्हणून दगडावर आदळले तरी फाळ तडकत नसे. तोंड तेवढे कठीण. महागाचे पोलाद झिजेल तेथेच घालावयाचे, हा त्यातला हिशोब. मोबदला सुगीला, बलुत्याच्या धान्यात. तो कामाच्या मानाने तोकडाच होता, असे माझे मत आहे.

१९०३ नंतर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आले. बिडाचा ओतीव भाग झिजला की नवा विकत आणावयाचा. बीड घणाखाली फुटते, ते शेवटता येत नाही. भात्याचे काम तेवढे उणे झाले.

पण शेवटण्याची युक्ती दुसऱ्या वाटेने परत आली. स्वीडनमध्ये ऑस्कर शेलबर्गने १९०४ साली विजेच्या ठिणगीने धातू सांधण्यासाठी ‘एसाब’ कंपनी काढली. अमेरिकेत एलवुड हेन्सने १९०७ साली कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. त्याची चकाकी पाहून, लॅटिनमधल्या ताऱ्याच्या नावावरून, त्याला ‘स्टेलाइट’ म्हटले. तेलविहिरी खणणाऱ्या हत्यारांच्या तोंडावर पुढे तो वितळवून बसवू लागले.

आपल्याकडे ही विद्या पाहावी ती साखर कारखान्यात. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१चा. मग उसाच्या पट्ट्यात गावोगाव धुराडी उठली. उसाबरोबर माती येते. तिने बिडाच्या दातेरी लाटा, म्हणजे रोलर, झिजून गुळगुळीत होतात. ऊस घसरतो, रस चिपाडात राहतो, उतारा घटतो आणि दर उताऱ्यावर ठरत असल्याने तोटा थेट शेतकऱ्याच्या पदरात पडतो. म्हणून वेल्डर चालत्या लाटेच्या दातांवर, अंगावरून रस वाहत असताना, क्रोमियमयुक्त कठीण धातूचे थेंब टाकीत जातो. थेंबच, बिडाला एकदम फार उष्णता दिली की तडा जातो. हे खरखरीत थेंब ऊस धरतात आणि लाटेऐवजी स्वतः झिजतात.

आमच्या गोरेगावात पाया खणणाऱ्या यंत्रांच्या बादल्यांवर कधी कधी वेल्डिंगच्या जाळीदार रेघा दिसतात, त्याही याच जातीच्या. रेघांमधल्या खाचांत माती दाबून बसते, आणि मग माती मातीवरच घासत राहते.