चार इमली, मुक्तिबोध आणि डागरांचे ध्रुपद

भोपाळच्या चार इमली भागात आज मंत्र्यांचे व वरिष्ठ अधिकाऱ्यांचे बंगले आहेत. १९५६ साली शहर मध्यप्रदेशाची राजधानी झाले, दफ्तरे वाढली, आणि चिंचेची झाडे बहुतांशी नावात उरली. तथापि ज्या प्रदेशात ग्वाल्हेर आहे तेथे चिंचेचे नाव निघताच गवयास तानसेनाच्या कबरीशेजारची चिंच आठवावी, हे स्वाभाविक होय. तिचा पाला चघळल्याने कंठ गोड होतो, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराने ज्या ध्रुपदास आश्रय दिला, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भोपाळास येऊन राहिले. पण ते आणले एका चित्रपटाने. त्या हकीकतीचा एक धागा मराठी घरातून निघतो, म्हणून ती येथे सांगावीशी वाटते.

ते घर मुक्तिबोधांचे. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी झाले. थोरले गजानन माधव यांनी हिंदी पत्करली व १९६४ साली ते निवर्तले. त्यांच्या लेखनावर मणी कौल यांनी १९८० मध्ये ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट रचला. सरळ कथानकाची अपेक्षा धरून बसणाऱ्या प्रेक्षकाची तो काही सोय पाहत नाही. त्याच्या संगीतासाठी उस्ताद झिया फरिदुद्दीन डागर यांना भोपाळास बोलावण्यात आले. पुढल्या वर्षी चित्रपट फ्रान्समधील कान महोत्सवात दाखविला गेला; गवई मात्र भोपाळातच राहिला. संस्कृती खात्याचे काम पाहणारे कवी अशोक वाजपेयी यांच्या आग्रहाने १९८१ मध्ये ध्रुपद केंद्र निघाले आणि खाँसाहेबांनी तेथे सुमारे पंचवीस वर्षे विद्यादान केले.

लगोलग, १३ फेब्रुवारी १९८२ रोजी, इंदिरा गांधींच्या हस्ते भारत भवनाचे उद्‌घाटन झाले. मोठ्या तलावाच्या काठी उतारावर पायरीपायरीने उतरणारी ही वास्तू मूळच्या गोमंतकीय कुळातील चार्ल्स कोरिया यांची. संगीताचे ‘अनहद’ व चित्रपटाचे ‘छवि’ असे दोन्ही विभाग तिच्यात नांदले. पणजीची कला अकादमीही कोरियांचीच. २००४ पासून गोव्यात भरू लागलेल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तेथे ज्यांनी चित्रपट पाहिले असतील, त्यांस भोपाळचे अंगण अनोळखी वाटू नये.

भोपाळच्या या प्रयोगाचे महत्त्व कळण्यास डागरांची रीत ध्यानी घेतली पाहिजे. उदेपूर दरबारचे झियाउद्दीन खाँ यांचे हे दोन पुत्र. थोरले झिया मोहिउद्दीन रुद्रवीणा वाजवीत, धाकटे फरिदुद्दीन गात. वडील गेल्यावर धाकट्याने थोरल्याकडून शिकावे असे ठरले. म्हणजे गवयाचा गुरू वीणावादक. वडीलधाऱ्याने षड्ज लावावा, धाकट्याने त्यात आपला आवाज मिसळावा, आणि दोहोंत केसाएवढेही अंतर राहिले तरी पुन्हा आरंभ करावा. नोम्‌-तोम्‌च्या आलापीत स्वरांच्या मधली वाट चालावयाची असते. ती कोणत्याही स्वरलिपीत उतरत नाही. आमच्याकडील ख्यालप्रेमी श्रोत्यास हा आलाप लांबलेला वाटतो, परंतु ध्रुपदाचे सारे वैभव त्या लांबीतच आहे. अशा विद्येला शेजारी बसणारे मूल लागते. राजाश्रय सरल्यावर ते घरात मिळेलच याचा भरवसा उरला नाही, आणि म्हणूनच सरकारी केंद्रात परक्या घरची मुले मांडीला मांडी लावून बसली, ही लहान गोष्ट नव्हती.

कौल स्वतः मोहिउद्दीनखाँचे शिष्य. १९८२ चा त्यांचा ‘ध्रुपद’ हा चित्रपट या दोघा बंधूंवर आहे. कॅमेरा जुन्या वास्तूंतून आलापाच्याच संथपणाने फिरतो आणि अखेरीस महानगराच्या दाट वस्तीवर येऊन पोहोचतो. या विषयावर इतका संयमी चित्रपट दुसरा नसावा, असे आमचे मत आहे. तरीही पडद्यावरचा उस्ताद शिष्याचा उतरलेला स्वर ऐकू शकत नाही.

मोहिउद्दीनखाँनी पनवेलजवळ, मुंबईहून गोव्याकडे जाणारी वाट जेथे फुटते त्या पळस्प्यास गुरुकुल केले होते. वीणेचे भोपळे व दांडी मोठी करून तिचा आवाज त्यांनी खर्जात नेला. १९९० मध्ये ते वारले, तेव्हा पुत्र बहाउद्दीन अवघा विशीचा. पुढचे शिक्षण त्याने काकांकडे घेतले. थोरल्या वीणावादक भावाने धाकट्या गवयास जे दिले होते, ते गवयाने गळ्यातूनच पुतण्याच्या वीणेवर परत केले. फरिदुद्दीनखाँ अखेरच्या काळात पळस्प्यास शिकवीत. मे २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या भोपाळच्या शिष्यांपुढे त्यांचे स्वतःचे शिष्य तंबोरे घेऊन बसू लागले होते.