बिनसाक्षीचा समुद्र

पावसाळ्यात गोव्याच्या वाळूवर अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यांना कधी कधी काळे डांबर चिकटते. भर समुद्रात सांडलेले वा सोडलेले तेल उन्हावाऱ्याने आटून, गोळे होऊन किनाऱ्याला लागते. ते कोणी सोडले, हे विचारावयाचे कोणाला? समुद्राला साक्षीदार नसतो. आणि तेलवाहू जहाजांच्या कायद्याचा इतिहास या एकाच अडचणीभोवती फिरला आहे.

माल उतरवलेले जहाज हलके होऊन डोलू लागते. म्हणून तेलाच्याच टाक्यांत समुद्राचे पाणी भरावयाचे आणि पुढचा माल घेण्यापूर्वी ते तेलकट पाणी समुद्रात सोडून द्यावयाचे, असा जुना रिवाज होता. १९५४ साली लंडनला करार झाला : किनाऱ्यापासून ५० मैलांच्या आत तेलकट पाणी सोडू नये. हेतू चांगला, पण मध्यरात्री पाहणार कोण? साठीच्या दशकात तेलकंपन्यांनी एक युक्ती काढली. पाणी निवू द्यावयाचे, खालचे तेवढे सोडावयाचे आणि वर तरंगलेल्या तेलावरच नवा माल भरावयाचा. युक्ती शहाणपणाची खरी. परंतु ती पाळणे पुन्हा कप्तानाच्या इमानावर!

मार्च १९६७ मध्ये सुमारे १,१९,००० टन तेल घेऊन निघालेले ‘टॉरी कॅन्यन’ कॉर्नवॉलजवळच्या खडकांवर फुटले आणि जग खडबडून जागे झाले. १९७३ व १९७८ च्या ‘मार्पोल’ करारांनी मग प्रश्नच बदलला. तेल किती सोडलेस, एवढेच न विचारता जहाज बांधलेस कसे, हेही विचारले. २०,००० टन व त्यावरील वहनक्षमतेच्या नव्या कच्च्या तेलाच्या जहाजांत समुद्राच्या पाण्यासाठी वेगळ्या टाक्या सक्तीच्या झाल्या. जुन्यांना एक पर्याय मिळाला : पाण्याऐवजी कच्च्या तेलाच्याच फवाऱ्याने टाक्या धुवाव्या. त्याने बुडाचा गाळ विरघळून मालाबरोबर किनाऱ्यावर उतरे. त्यात मालकाचाही लाभच होता.

वेगळ्या टाक्यांत मात्र मालकाला कवडीचा फायदा नव्हता. उलट मालाची जागा गेली, खर्च वाढला. तरीही त्या बांधल्या गेल्या. का? बंदरातला निरीक्षक टाकी डोळ्यांनी पाहू शके आणि ती नसेल तर जहाज अडवू शके.

चोरून तेल सोडणे अजून संपलेले नाही. तरी आज जहाजांच्या धुराला नियम लावणाऱ्यांनी हा धडा विसरू नये. इमानावर सोडलेला कायदा कागदावर राहतो. लोखंडात घडवलेला कायदा समुद्रावर चालतो.