ओफ्लिन, लिअम

(१५ एप्रिल १९४५–१४ मार्च २०१८). आयरिश पारंपरिक संगीतातील श्रेष्ठ इलन पाइपवादक. जन्म किल्डेअर परगण्यातील किल या गावी. वडील शिक्षक व फिडलवादक होते. आई क्लेअर परगण्यातील संगीतात रमणाऱ्या घराण्यातील. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास डब्लिनचे लिओ राउसम यांच्याकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. पुढे विली क्लॅन्सी व शेमस एनिस या दोन बुजुर्ग वादकांचा निकट सहवास त्यांना लाभला.

इलन पाइप बसून वाजवतात व ते तोंडाने फुंकत नाहीत. कोपराने दाबायच्या भात्यातून काखेतील पिशवीत हवा भरली जाते. मुख्य नळीवर, म्हणजे चँटरवर, दोन सप्तकांत चाल वाजते. तीन ड्रोन अखंड आधारस्वर देतात, तर रेग्युलेटरच्या चाव्या मनगटाने दाबून स्वरमेळ साधतात. चँटरचे टोक मांडीवर टेकवून हवा अडवली की स्वर तुटक निघतात, उचलले की ते एकमेकांत मिसळतात. या दोन्ही रीतींवर ओफ्लिन यांची हुकमत होती. नृत्याच्या द्रुत चालींइतकेच विलंबित ‘एअर’ ते तन्मयतेने वाजवत. अलंकरणाने मूळ चाल झाकली जाऊ देत नसत.

१९७२ मध्ये क्रिस्टी मूर, अँडी अर्विन व डोनल लनी यांच्यासह त्यांनी ‘प्लँक्स्टी’ हा वाद्यवृंद स्थापन केला. १९७३ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत मूर यांचे ‘रॅगल टॅगल जिप्सी’ हे गीत संपता संपता एका जुन्या हार्पवादकाची चाल सुरू होते आणि पाइप पुढे येतो. गीत व वाद्यसंगीत असे जोडण्याची ही पद्धत पुढे अनेक वृंदांनी उचलली. शॉन डेव्ही यांनी ‘द ब्रेंडन व्हॉयेज’ (१९८०) ही पाइप व सिंफनी वाद्यवृंदासाठीची रचना ओफ्लिन यांच्यासाठी केली. टिम सेव्हरिन यांनी १९७६–७७ मध्ये चामड्याच्या नावेतून केलेली अटलांटिक सफर हा तिचा विषय. वाद्यवृंदासोबत वाजवतानाही ओफ्लिन यांनी पाइपची पारंपरिक वादनरीत सोडली नाही.

१९८२ मध्ये एनिस यांच्या निधनानंतर त्यांचा एकोणिसाव्या शतकातील, कॉइन यांनी घडवलेला पाइप मृत्युपत्रान्वये ओफ्लिन यांच्याकडे आला. कवी शेमस हीनी यांच्यासह त्यांनी काव्यवाचन व पाइपवादनाचे संयुक्त कार्यक्रम केले. ‘द पोएट अँड द पायपर’ (२००३) ही ध्वनिमुद्रिका त्यांतूनच झाली. २००७ मध्ये त्यांना टीजी फोर वाहिनीचा ‘ग्रादम क्योल’ पुरस्कार मिळाला. ‘आउट टु ॲन अदर साइड’ (१९९३), ‘द गिव्हन नोट’ (१९९५) व ‘द पायपर्स कॉल’ (१९९८) या त्यांच्या इतर महत्त्वाच्या ध्वनिमुद्रिका होत.